उतारावर ट्रॉली कोण धरणार?



ऊस ओतून रात्री परत निघालेली बैलगाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. दिवसभराच्या कष्टाने थकलेला गाडीवान गाडीतच आडवा झालेला असतो. कासरा सैल पडलेला असतो. तरी बैल आपली वाट सोडत नाहीत. वळण आले की वळतात, समोर काही आडवे आले की थांबतात आणि कोपीपाशी आल्यावर आपोआप उभे राहतात. सध्या जगभर विनाचालक गाड्यांची चर्चा चालली आहे. आपल्याकडे ती गाडी फार जुनी आहे, एवढेच म्हणायचे.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बैलगाडीला दोन ब्रेक असतात. एक म्हणजे गाडीवानाच्या हातातला कासरा आणि दुसरा म्हणजे बैलाची स्वतःची समज. उतार लागला की जू पुढे सरकते, बैल पाय रोवतात आणि मागून येणारा भार अंगावर तोलून धरतात. गाडीवानाने सांगायची वाट ते पाहत नाहीत.

आपण बैल सोडून ट्रॅक्टर जुंपला. ताकद वाढली, वेग वाढला, खेपा वाढल्या. पण बैलाची समज ट्रॅक्टरबरोबर आली नाही. चालकाचा पाय ब्रेकवर नसेल, किंवा चालकच गाडीवर नसेल, तर ट्रॅक्टर आणि ट्रॉली उताराच्या दिशेने निघतात आणि कशाला तरी आदळूनच थांबतात. म्हणून हा दुसरा ब्रेक आपल्यालाच करून ठेवावा लागतो. तो कसा करायचा, हे या लेखात पाहू.

हंगामातला रस्ता

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके उसाचे. बारामतीच्या बाजूला माळेगाव आणि सोमेश्वर, मधे भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरकडे बिजवडीचा कर्मयोगी आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा. दिवाळीनंतर गाळप सुरू झाले की या साऱ्या कारखान्यांकडे जाणारे रस्ते उसाच्या वाहनांनी भरून जातात. बैलगाड्या, टायरच्या गाड्या, एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मालमोटारी अशी सगळी वाहने एकामागून एक चालतात. त्यांतूनच शाळेची मुले सायकलवर जातात, दूधवाले जातात, एस.टी. जाते आणि बाजाराला निघालेली माणसेही जातात.

त्यात आता रस्ते रुंद होऊ लागले आहेत. पाटसहून बारामती, इंदापूर, अकलूज असा जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग मोठा करण्याच्या कामाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. रस्ता चांगला व्हावा ही आपलीच मागणी होती. पण रस्ता चांगला झाला की वेग वाढतो, हेही खरे. खड्ड्यांच्या रस्त्यावर जी ट्रॉली पंधराच्या वेगाने जात होती, ती सपाट रस्त्यावर तीस-चाळीसने जाऊ लागते. ट्रॉली तीच, तिचे ब्रेक तेच, किंवा ब्रेक नसणे तेच.

साधा हिशेब

“ट्रॅक्टरला ब्रेक आहेत ना? मग ट्रॉलीला कशाला?” असे पुष्कळ जण म्हणतात. याचा हिशेब करून पाहू. पाटी-पेन्सिल घेऊन पोरांकडून करवून घेतलात तरी चालेल.

ट्रॅक्टर आणि उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या मिळून वजन वीस टन धरू. ब्रेक लागतात ते फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. त्या चाकांवर फार तर तीन टन भार येतो असे समजू. म्हणजे वीस टनांचा गाडा थांबवायला तीन टनांच्या भाराची पकड आहे. बाकीचे सतरा टन नुसते मागून ढकलत असतात.

रस्ता डांबरी, कोरडा आणि सपाट आहे. ताशी वीस किलोमीटर वेग आहे. अशा वेळी ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंत हा गाडा सुमारे पंधरा मीटर जातो. वेग दुप्पट, म्हणजे चाळीस केला, तर अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. सुमारे साठ मीटर, म्हणजे दोनशे फूट. शिवाय पुढचे संकट पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. त्या एका सेकंदात चाळीसच्या वेगाने अकरा मीटर आधीच गेलेले असतात.

आता वीस मीटरमागे एक मीटर असा साधा उतार घ्या. वीसच्या वेगाला जिथे पंधरा मीटर लागत होते, तिथे जवळजवळ तीस लागतात. चाळीसच्या वेगाला एकशे पंधरा मीटर लागतात. तेच ट्रॉल्यांच्या सर्व चाकांना मध्यम प्रतीचे ब्रेक असते, तर सपाट रस्त्यावर चाळीसच्या वेगाने जाणारा गाडा वीस मीटरांच्या आत थांबला असता. रस्त्यात आलेले पोर वाचणे न वाचणे हे या साठ आणि वीसमधल्या फरकावर ठरते.

पावसाने किंवा पाटाच्या पाण्याने रस्ता ओला असेल, वर पाचट आणि चिखल पडला असेल, तर हे सारे आकडे आणखी वाढतात. आणि वळणावर ब्रेक दाबला तर वेगळेच घडते. ट्रॅक्टर थांबू पाहतो, ट्रॉली थांबत नाही. ती मागून ट्रॅक्टरला तिरपा ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. अशा वेळी चालक कितीही कसलेला असला तरी त्याच्या हातात फारसे काही राहत नाही.

चालक नसताना

आतापर्यंत चालक जागेवर आहे असे धरले. तो खाली उतरला तर?

२५ फेब्रुवारी २०२४ ची गोष्ट. जम्मूकडे कठुआ स्थानकात खडी भरलेली ५३ डब्यांची मालगाडी उभी होती. चालक खाली उतरले होते. गाडी उतारावर होती आणि तिचे हातब्रेक नीट लावलेले नव्हते. गाडी हळूच सरकली. चालकाविना ती सत्तर किलोमीटरांहून अधिक धावली आणि वाटेत तिने मोठा वेग घेतला. शेवटी पंजाबात ऊंची बस्सीजवळ रुळांवर अडथळे ठेवून ती थांबवावी लागली. नशिबाने कुणाला इजा झाली नाही.

कॅनडात नशीब आडवे आले. ५ जुलै २०१३ च्या रात्री खनिज तेलाची एक गाडी चढावर उभी करून चालक विश्रांतीला गेला. रात्री इंजिनाला आग लागली म्हणून इंजिन बंद केले गेले. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकची हवा हळूहळू गळून गेली. हातब्रेक लावले होते, पण ते पुरेसे नव्हते. गाडी उतारावरून सुटली आणि लाक-मेगांतिक नावाच्या गावात घुसून पेटली. ४७ माणसे गेली.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. आगगाडी असो की उसाची ट्रॉली, धडा एकच आहे. चालू गाडीचा ब्रेक वेगळा आणि उभी गाडी धरून ठेवणारा ब्रेक वेगळा. एकाच्या भरवशावर दुसरा सोडता येत नाही. आपला कायदाही हेच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ९६ व्या नियमाने मोटार वाहनाला दोन स्वतंत्र ब्रेक मागितले आहेत. एक पायाचा आणि दुसरा उभी गाडी धरून ठेवणारा. ट्रेलरच्या ब्रेकसाठी पुढचा ९७ वा नियम आहे.

आपल्याकडे चालकाविना ट्रॅक्टर निघण्याचे आणखी एक कारण आहे. बॅटरी उतरली किंवा चावीचे बटण बिघडले की काही जण जमिनीवर उभे राहून स्टार्टरच्या टोकांवर पाना टेकवतात. क्लच दाबल्याशिवाय इंजिन सुरू होऊ नये, अशी सोय नव्या ट्रॅक्टरांत मुद्दाम केलेली असते. पाना टेकवला की ती सोय फुकट जाते. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो तिथूनच उडी घेतो, आणि पाना टेकवणारा माणूस नेमका मागच्या चाकापुढे उभा असतो. हे काम कुणी कितीही वर्षे केलेले असो, घरात ते बंद झाले पाहिजे.

उलटी युक्ती

चालक नसताना किंवा ब्रेकच तुटला असताना गाडी थांबावी कशी, याचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वी सापडले आहे. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊस याने १८६९ साली आगगाडीसाठी हवेच्या दाबाचा ब्रेक काढला. नळीतून हवा सोडली की ब्रेक लागे. पण नळी फाटली की सारी गाडी ब्रेकविना होई. पुढच्या चार-पाच वर्षांत त्याने हीच गोष्ट उलटी केली. नळीत हवा भरलेली असेल तोवर ब्रेक सुटलेला, आणि हवा गेली की ब्रेक आपोआप लागलेला. डबे तुटून वेगळे झाले, तरी तुटलेले डबे स्वतःच थांबू लागले.

मोठ्या मालमोटारींत आज अशीच योजना असते. सकाळी मालमोटार सुरू केल्यावर चालक लगेच निघत नाही, प्रेशर भरण्याची वाट पाहतो, हे आपण पाहतो. तिच्या ब्रेकमध्ये जाड स्प्रिंग असते. ती चाक दाबून धरते आणि हवेचा दाब तिला मागे ढकलून चाक मोकळे करतो. हवा नसेल तर गाडी हलत नाही. बिघाड झाला तर गाडी थांबली पाहिजे, धावली नाही पाहिजे, हे यातले सूत्र.

विनाचालक गाड्याही याच सूत्रावर उभ्या आहेत. दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० पासून विनाचालक गाडी धावू लागली. अमेरिकेतल्या जॉन डिअर कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये विनाचालक ट्रॅक्टर जगापुढे ठेवला. या कंपनीचा ट्रॅक्टर कारखाना आपल्या पुणे जिल्ह्यात सणसवाडीलाही आहे. त्या विनाचालक ट्रॅक्टरला कॅमेऱ्यांचे डोळे आहेत आणि वाटेत काही आडवे दिसले की तो थांबतो. म्हणजे बैलाची समज यंत्रात घालण्याचाच हा खटाटोप आहे.

बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग केले आहेत. तेव्हा असा ट्रॅक्टर उद्या आपल्या शिवारात आला तर नवल वाटू देऊ नका. मात्र तो दाखवायला येणाऱ्याला पहिला प्रश्न डिझेलचा विचारू नका. “वायर तुटली, कॅमेऱ्यावर चिखल बसला किंवा उपग्रहाचा संदेश तुटला, तर हा काय करतो?” असे विचारा. “जागेवर थांबतो,” हेच उत्तर आले पाहिजे. नुसते ऐकू नका, करून दाखवायला सांगा.

ट्रॉलीला कोणता ब्रेक?

उद्याचे उद्या पाहू. आज दारात उभ्या असलेल्या ट्रॉलीचे काय?

ट्रॉलीला ब्रेक लावण्याचे तीन प्रकार आहेत. पहिला रेट्याचा ब्रेक. ट्रॅक्टर मंदावला की ट्रॉली पुढे रेटते. तो रेटा दांड्यातून चाकांपर्यंत पोचवून त्यानेच ट्रॉलीचा ब्रेक लावायचा. चालकाला वेगळे काही करावे लागत नाही. हलक्या ट्रॉलीला तो सोयीचा आहे. दुसरा तेलाच्या दाबाचा. ट्रॅक्टरचे पायडल दाबले की नळीतून दाब जाऊन ट्रॉलीची चाके धरली जातात. तिसरा हवेच्या दाबाचा, मालमोटारीसारखा. जड ओझ्याला शेवटचे दोन प्रकार अधिक खात्रीचे.

कोणताही प्रकार घ्या, दोन गोष्टी त्यात असल्याच पाहिजेत. एक म्हणजे ट्रॉली एकटी उभी असताना चाके बांधून ठेवणारा हातब्रेक. दुसरी म्हणजे हुकाची पिन तुटून ट्रॉली सुटली तर साखळीच्या ओढीने आपोआप लागणारा ब्रेक. सुटलेली भरली ट्रॉली ही खरी विनाचालक गाडी. तिला बैलही नाही आणि कॅमेराही नाही.

“एवढा खर्च कोण करणार?” हा प्रश्न खोटा नाही. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात, ब्रेकचे वेगळे मिळत नाहीत. खेपा वाढवाव्यात तेव्हा हप्ता फिटतो. त्यामुळे एकट्या वाहनमालकावर हे ओझे टाकून भागणार नाही. पण आपले बरेच कारखाने सहकारी आहेत आणि आपण त्यांचे सभासद आहोत. हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांना चमकणाऱ्या पट्ट्या लावण्याच्या मोहिमा होतात. त्याच दिवशी ब्रेक, हुक आणि साखळी यांचीही तपासणी व्हावी, वाहतुकीच्या करारात ती अट असावी आणि ब्रेक बसवण्यासाठी उचल मिळावी, असे वार्षिक सभेत मांडता येते. उसाच्या भावावर आपण हक्काने बोलतो. ऊस वाहून नेणाऱ्याच्या आणि रस्त्याने चालणाऱ्याच्या जिवावरही तसेच बोलावे.

आजच करण्यासारखे

पैसे न लागणाऱ्या किंवा थोडक्यात होणाऱ्या गोष्टी पुढे दिल्या आहेत. घरात वाचून दाखवाव्यात.

१. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पायडले असतात. शेतात बांधाशी वळताना ती वेगळी उपयोगी पडतात. रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पायडले कडीने जोडावीत. एकच पायडल दाबले गेले तर एकच चाक धरते आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

२. रिकाम्या मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगाने जाऊन ब्रेक दाबून पाहावा. ट्रॅक्टर एका बाजूला ओढत असेल तर दोन्ही ब्रेक सारखे नाहीत. ते आधी जुळवून घ्यावेत, मग ओझे जोडावे.

३. ज्या ट्रॅक्टरचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, त्याचे तेल कंपनीच्या पुस्तकात सांगितलेलेच आणि सांगितलेल्या तासांनी बदलावे. स्वस्त तेलाने ब्रेक बिघडतो.

४. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नये आणि क्लच दाबून उतरू नये. गिअरमध्ये असलेले इंजिन गाडी धरून ठेवते. न्यूट्रल केले की तो आधार गेला.

५. हुकाची पिन जाड आणि योग्य मापाची असावी. तिला खाली क्लिप हवी. तार गुंडाळून भागवू नये. हुकाशिवाय एक मजबूत साखळी दोन्हीकडे जोडलेली असावी.

६. ट्रॅक्टर उभा करताना अवजार खाली टेकवावे, हातब्रेक ओढावा, इंजिन बंद करावे, चावी खिशात घालावी. चढाला तोंड असेल तर पहिला गिअर आणि उताराला तोंड असेल तर मागचा गिअर टाकून ठेवावा. चहाला पाच मिनिटे उतरलो तरी हे करावे.

७. चाकाला उटी लावायला वाटेतला दगड घेऊ नये. लाकडाच्या दोन पाचरी करून दोरीने ट्रॉलीला बांधून ठेवाव्यात आणि त्या उताराच्या बाजूने लावाव्यात. दगड लावलाच तर निघताना तो उचलून कडेला टाकावा. रस्त्यात सोडलेला दगड रात्री मोटारसायकलवाल्याला दिसत नाही.

८. उभ्या ट्रॅक्टरवर मुलांना खेळू देऊ नये आणि चालत्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर कुणालाही बसवू नये. ट्रॉलीच्या सावलीत, चाकाजवळ कुणी झोपू नये. तोडणीला आलेल्या मंडळींची लहान मुले सावली शोधत तिथेच जातात. त्यांना आपणच दुसरी जागा दाखवावी.

यातल्या पुष्कळ गोष्टी घरातल्या बायकांच्या हाती आहेत. खेपेला निघणाऱ्या माणसाला भाकरी बांधून देताना, “पिनेला क्लिप लावली का? पाचरी घेतल्या का?” एवढे दोन प्रश्न विचारावेत. चार दिवस तो हसेल, पाचव्या दिवशी विचारायच्या आधीच पाहून येईल. चालक दुसऱ्याचा असेल, बीडकडून किंवा नगरकडून आलेला असेल, तरी त्याला विचारावे. त्याच्याही घरी कुणीतरी वाट पाहत असते.

मोळी टाकण्याआधी आपण गव्हाणीची पूजा करतो. या वर्षी त्याच दिवशी ट्रॉलीच्या चाकाशी खाली वाकून पाहा. तिथे ब्रेक आहे का, असेल तर तो लागतो का, आणि तुमचा हात सुटला तरी ती ट्रॉली जागेवर उभी राहते का? तिसऱ्या प्रश्नाला “हो” असे उत्तर मिळेपर्यंत तिच्यात ऊस भरू नका.